महिनाभरात माणूस बदलला तर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सिडकोतून कार्यशाळेत येणारा तो डाऊन सिंड्रोमचा मुलगा महिनाभर पणत्यांना हात लावत नाही, डबा तसाच परत नेतो, मनगट चावतो, आणि सगळे म्हणतात, "मतिमंद आहे, असंच चालायचं." तुला हे पटलं नाही, याचा फार आनंद झाला. आपल्या क्षेत्रात याहून घातक वाक्य नाही. बौद्धिक अक्षमता जन्मापासूनची आहे, मग पणत्या आत्ताच का सुटल्या?

अशा मुलांना नैराश्य आणि चिंतेचे आजार इतरांपेक्षा जास्त होतात. "उदास वाटतंय" हे त्याला सांगता येत नाही. झोप उडते, जेवण सुटतं, आवडतं काम नकोसं होतं, तेच त्याचं सांगणं.

तरी आधी शरीर तपासून घ्या. दात, कान, पोट साफ होतं का. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं बऱ्यापैकी आढळतं आणि ते थेट नैराश्यासारखं दिसतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी कराच. फिटची गोळी बदलली आहे का, तेही विचार. लेव्हेटिरासिटॅम या फिटच्या गोळीने काहींची चिडचिड खूप वाढते. गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही.

मग आईजवळ निवांत बस. घरातलं कोणी वारलं का, भाऊ नोकरीला बाहेरगावी गेला का? "त्याला काय कळतंय" म्हणून अशा मुलांना कोणी काही सांगतच नाही. माणूस मात्र घरातून नाहीसं झालेलं त्यांना दिसत असतं.

आजपासून एक वही घाल. चावण्याआधी काय चाललं होतं, किती वाजले होते, जवळ कोण होतं, चावल्यावर लोकांनी काय केलं. झोप आणि जेवणही लिही. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत गर्दीत पाच मिनिटं मिळाली, तरी दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांच्या उपयोगी पडते. नाहीतर "मारतो, चावतो" एवढंच ऐकून शांत करणारी गोळी मिळते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. गोळी दिलीच तर ती कशासाठी, किती दिवस आणि परत कधी दाखवायचं, हे आईला विचारायला लाव.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांना १ लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, ओपीडीही येते. कार्ड काढलंय का बघ. आईचाही धीर सुटत असेल, तिला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

ओपीडीला जाण्याआधी वही मला दाखव.

तुझ्या बाई