सातव्या किलोमीटरला उभी राहा

अगं पोरी,

"पाय दुखावलाय, रविवारी क्लबची रेस बघायला येणार नाही, मला बघवणार नाही," हा तुझा मेसेज काल रात्री वाचला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर नुसता उपदेश झाला असता, म्हणून सकाळपर्यंत थांबले. उपदेश आताही आहेच, पण जरा निवलेला.

आधी एक कबुली देते. माझ्या नडगीच्या हाडाला तुझ्यासारखंच स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पळण्याच्या सततच्या ताणाने बारीक चीर, झालं होतं, त्या वर्षी मीही आपल्या क्लबची दहा किलोमीटरची रेस बघायला गेले होते. फिनिश लाइनपाशी कठड्याला टेकून उभी होते. जिच्याशी माझी कायम चुरस असायची ती वळणावर दिसली, आणि माझी नजर तिच्याकडे न जाता घड्याळाच्या लाल आकड्यांकडे गेली. माझी आधीची वेळ मोडायला तिच्याकडे अकरा सेकंद होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, दमू दे हिला, गोळा येऊ दे पोटरीत. ती चार सेकंद राखून आली आणि घामाने निथळत थेट माझ्या गळ्यात पडली. माझ्या इस्त्रीच्या शर्टावर तिच्या बिबचा, म्हणजे छातीवर पिनांनी लावलेल्या नंबराचा, ओला चौकोन उमटला. अख्ख्या मैदानात इस्त्रीचा शर्ट घालून आलेली मी एकटीच असेन.

तर मत्सर वाटणार. वाटू दे. फक्त फिनिश लाइनला उभी राहू नकोस, तिथे आकड्यांशिवाय काही दिसत नाही.

सातव्या किलोमीटरला उभी राहा. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत सगळेच छान दिसतात आणि शेवटच्या एकात गर्दीच ओढून नेते. सातव्याला गर्दी नसते, तीन किलोमीटर उरलेले असतात, आणि सुरुवातीला केलेली उधारी नेमकी तिथे वसुलीला येते. पन्नास मिनिटांत संपवायचं म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं. जो पहिले दोन किलोमीटर चार मिनिटं चाळीस सेकंदांनी पळतो त्याला वाटतं चाळीस सेकंद कमावले. ते चाळीस सेकंद व्याजासकट जाताना तुला तिथे दिसतील.

काय बघायचं? खांदे. दमलेल्या माणसाचे खांदे हळूहळू कानांकडे सरकतात, मुठी आवळल्या जातात, हात छातीसमोरून आडवे जायला लागतात. मग थोडा वेळ बघणं सोड आणि डोळे मिटून नुसतं ऐक. ताज्या पावलाचा आवाज हलका असतो, थकलेलं पाऊल फटकन आपटतं. एका पायाचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा येत असेल तर तो माणूस काहीतरी सांभाळतोय. पळताना हे आपल्याला कधीच कळत नाही, कारण रेसमध्ये दिसते ती फक्त पुढच्याची पाठ, आणि ऐकू येतो तो आपलाच श्वास.

तुझ्या डाव्या पायाचा आवाज दीड महिन्यापूर्वीच बदलला होता. मी एकदा म्हणाले, तू म्हणालीस, "बूट नवीन आहेत." मी विषय सोडून दिला. तिथे मी चुकले.

दुखणं नडगीभर पसरलेलं होतं तोवर पळत राहिलीस, ते एका बोटाने दाखवता येईल इतकं एका जागी आलं तेव्हा थांबलीस. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा काही दिसत नाही, म्हणून "एक्स-रे तर स्वच्छ होता" ही तुझी तक्रार मला पटते. एमआरआयमध्ये दिसलं, बरं झालं. आणि तुझं नेमकं काय चुकलं हे विचारलं होतंस ना? तुझा दम पायांच्या पुढे निघून गेला. सराव वाढवला की हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत जुळवून घेतात. हाडाचं तसं नसतं. ते आधी जुना भाग काढून टाकतं, मग तिथे नवा भरतं, आणि या भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात ते पहिल्यापेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला वाटत असतं की आपण कधी नव्हे इतके फिट आहोत.

रविवारी कुणीतरी तुला अमेरिकन धावपटू जोन बेनॉइटची गोष्ट सांगेलच. 1984 साली तिच्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, सतराव्या दिवशी तिने अमेरिकेची निवड मॅरेथॉन जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही. गोष्ट खरी आहे, मलाही आवडते. पण ते गुडघ्याचं दुखणं होतं, तुझं हाड आहे. हाड भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि जिद्दीला हाड भीक घालत नाही. दम जाईल ही भीती असेल तर डॉक्टरांना विचारून खोल पाण्यात तरंगायचा पट्टा बांधून पळ. कंटाळवाणं आहे, पण दम बराचसा टिकतो.

आता तुझं काम. घड्याळ घे आणि आपल्या प्रत्येकाची सातव्याची वेळ लिही. नंतर सगळे तुझ्याभोवती गोळा होतील, बघशील. ओरडताना नावाने हाक मार. "थोडंच राहिलं" म्हणू नकोस, तीन किलोमीटर थोडे नसतात आणि पळणाऱ्याला असल्या खोट्याचा राग येतो. "पुढे डावं वळण, मग उतार," असं काहीतरी खरं सांग. आणि उत्साहाच्या भरात कुणाच्या बाजूने चार पावलं पळू नकोस. तुझ्या पायासाठी तर नाहीच, शिवाय स्पर्धेत नसलेल्याने सोबत पळून वेग राखायला मदत करणं नियमातही बसत नाही. बसायला घडीचं स्टूल आण. डॉक्टरांनी "चाला" म्हटलंय, "दोन तास उभ्या राहा" म्हटलेलं नाही.

शेवटचा माणूस जाईपर्यंत उठू नकोस. त्या वर्षी मी फिनिशवरून लवकर निघाले आणि रस्त्याने परत येताना आपल्या क्लबातली सगळ्यात मागची बाई मला सातव्यापाशीच दिसली. मागून रस्त्यावरचे खुणेचे शंकू उचलायला सुरुवात झाली होती, पाण्याचं टेबल आवरलं होतं. पहिला आलेला पस्तीस मिनिटांत मोकळा झाला होता, ही अजून अर्धा तास पळणार होती. इतकी वर्षं एका क्लबात असून मी तिला पळताना कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती यायची तेव्हा मी कपडे बदलून घरी गेलेली असायचे. खांदे अगदी खाली, पावलांचा आवाज एकसारखा. आमच्या सगळ्यांपेक्षा नीट पळत होती ती. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मला तिचं नाव आठवेना.

सहा वाजता भेट. येताना सेफ्टी पिनांचं पाकीट आण, दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या बिबला तीनच पिना असतात.

तुझी,
इस्त्रीच्या शर्टवाली