गीझरची चक्कर, भिंतीची ओल आणि चटणीचा ठसका

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि निम्म्याहून जास्त पत्रांत ओल, कोंदट वास, शिंका हेच. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दुसरं काय येणार म्हणा. सगळी पत्रं छापता येत नाहीत, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : काका, आमचा राजारामपुरीत वन बीएचके आहे. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. पावसात डास लई झालेत आणि गार वारं पण येतंय म्हणून मिस्टरांनी बाथरूमच्या खिडकीच्या काचा सेलोटेप लावून बंद केल्या. आता मुलगी आंघोळ करून आली की दहा मिनिटं पलंगावर पडून राहते, डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणते. सासूबाई म्हणतात उपाशीपोटी कडक पाण्यानं आंघोळ केल्यावर असंच होतं. बाथरूम कोंदट वाटतंय, एखादा चांगला फ्रेशनर सुचवा.

उत्तर : ताईंना पत्र मिळालं त्याच दिवशी फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. इथं छापतोय ते बाकीच्यांसाठी, कारण असे गीझर गल्लोगल्ली आहेत.

फ्रेशनर राहू दे बाजूला. आधी ती सेलोटेप काढा आणि गीझर बंद करा, उद्यापासून नाही, आत्ता. गॅस जळायला हवा लागते, आणि चार बाय सहाच्या बंद बाथरूममधली हवा गीझर बघता बघता संपवतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. लोक म्हणतात गॅसचा वास आला असता की, अहो सिलिंडरच्या गॅसला जो वास मुद्दाम घातलेला असतो तो गॅसबरोबर जळून जातो, गळती असेल तर वास येतो, जळलेल्या गॅसचा येत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो पण मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, मग माणूस तिथंच बसतो आणि आतून कडी असते. तुमच्या मुलीचं डोकं दुखतंय हा सासूबाईंच्या उपाशीपोटाचा विषय नाही. तिला एकदा डॉक्टरांकडं न्या आणि गीझरचं आवर्जून सांगा, नाहीतर तेही अशक्तपणाच्या गोळ्या देतील.

गीझर बाथरूमच्या बाहेर उघड्या गॅलरीत लावायचा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत आणायचा, हा खरा उपाय. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तो म्हणेल एक्झॉस्ट फॅन बसवू की, पण दार घट्ट लावलेलं आणि आत हवा यायला वाटच नसेल तर फॅन ओढणार काय, शिवाय लाइट गेली की तोही बंद. गीझर बाहेर हलवणं जमत नसेल तर सरळ विजेचा गीझर घ्या. ज्योत निळी सोडून पिवळी दिसायला लागली तर गीझर लगेच बंद, पण निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आणि कोणी आत पडलंच तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला आधी मोकळ्या हवेत ओढा आणि १०८ ला फोन लावा, तिथंच तोंडावर पाणी मारत बसू नका.

आमच्या लहानपणी बंब परसात असायचा. बंबाचा धूर डोळ्यात जायचा म्हणून आजीनं त्याला कधी घरात घेतलं नाही. याचा धूर दिसत नाही म्हणून आपण त्याला आत घेतला आणि वर कडी लावली.

प्रश्न : आमचं घर शुक्रवार पेठेत, आजोबांच्या काळातलं, दगड-मातीच्या दोन फुटी भिंती. २०१९ च्या महापुरात आत कमरेएवढं पाणी होतं, २०२१ ला परत आलं. त्यानंतर भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारला, लाखभर गेले. दोनच वर्षांत पोपडे सुटले, खाली पांढरं मीठ आल्यासारखं दिसतं, कपाटामागं काळी बुरशी. गवंडी म्हणतोय चार फुटांपर्यंत टाइल्स मारू, विषय संपला. मुलगा म्हणतोय हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर घेऊ. आईला दम्याचा त्रास आहे. काय करावं?

उत्तर : टाइल्स अजिबात मारू नका. विषय संपणार नाही, फक्त चार फुटांवरून सहा फुटांवर जाईल.

जुन्या लोकांनी दगड-मातीच्या भिंतीला चुना लावला तो पैसे नव्हते म्हणून नाही. भिंत जमिनीतलं पाणी ओढतेच, पण चुन्यातून ते पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन निघून जायचं. तुम्ही त्याच्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला म्हणजे घामाघूम माणसाला रेनकोट घातल्यासारखं झालं, पाणी आत कोंडलं आणि वाट मिळेल तिथून पोपडे काढत बाहेर यायला लागलं. ते पांढरं मीठ म्हणजे लोणा. पाणी वाळतं, क्षार मागं राहतात. त्याच्यावर वॉटरप्रूफ रंग मारणारे बरेच भेटतील, वर्षभराची गॅरंटी पण देतील, कारण एक वर्ष तो टिकतो.

आधी ओल कुठून येतेय ते बघा. स्वयंपाकातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीवर चारी बाजूनं टेपनं चिकटवा आणि दोन दिवस सोडा. फॉइलच्या मागच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ती घरातल्या हवेतली आहे. तुमच्याकडं दोन्ही असणार असं मला वाटतंय, तरी करून बघा, पाच रुपयांत होतंय.

भिंतीतल्या ओलीचं काम पावसात होत नाही, कुणी आत्ता करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. दिवाळी झाली की ओल जिथंपर्यंत चढलीय त्याच्या वर फूटभर सिमेंटचा गिलावा खरवडून काढा आणि भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. घर भंगलेलं दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू देत. मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. चुन्याचं काम येणारे गवंडी आता कमी राहिलेत, जुन्या वाड्यांची, देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडं चौकशी करा.

तोपर्यंत कपाट भिंतीपासून चांगलं वीतभर पुढं ओढा, मागून वारा फिरला पाहिजे. कपडे आईच्या खोलीत वाळत घालू नका. मशीनमधून पिळून काढलेल्या एका धुण्यातसुद्धा दोनेक लिटर पाणी असतं, ते वाळलं म्हणजे गेलं नाही, खोलीच्या हवेत आलं. एकच खोली कपड्यांना द्या, दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. बुरशी कोरड्या झाडूनं खरवडायची नाही, ती सगळी आईच्या छातीत जाईल. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. ब्लीच वापरणार असाल तर त्यात अॅसिड किंवा संडासचा क्लीनर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. आणि कपाटातल्या डांबर गोळ्या काढा, बंद खोलीत दम्याच्या माणसाला त्या बुरशीइतक्याच वाईट. सांदीला सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवा.

डीह्युमिडिफायर घेऊ नका असं नाही. आईच्या खोलीत दार-खिडक्या लावून चालवला तर फरक पडतो, खिडकी उघडी ठेवून चालवणं म्हणजे रंकाळा बादलीनं उपसणं. त्याच्याआधी हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतं. साठच्या खाली काटा राहिला की बुरशी दबते. संततधार लागलेली असताना बाहेरची हवाच नव्वदच्या वर असते, तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघडून बसण्यात अर्थ नाही, उघडीप दिली की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडायच्या. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं येतो, त्या बाजूला खिडकीवर छज्जा नसेल तर तोही करून घ्या.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये चाळीस हजारांची चिमणी बसवली. तरी मे महिन्यात वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या तर वरच्या मजल्यावरचे खोकत खाली आले. भांडण व्हायचं बाकी राहिलं. चिमणीत फॉल्ट आहे का?

उत्तर : काकू, फॉल्ट चिमणीत नाही, जागेत आहे. तीन किलो ब्याडगी आणि वर लवंगी टाकून फ्लॅटमध्ये भाजायची म्हणजे चिमणीचीही परीक्षाच. मिरचीतला तिखटपणा, कॅप्सेसिन म्हणतात त्याला, तो तापला की बारीक धुरातून हवेत जातो आणि नाका-घशातल्या भाजल्याचं सांगणाऱ्या नसांना जाऊन डिवचतो. म्हणून खोकला थांबत नाही.

तरी चिमणीचा पाइप बाहेर काढलाय का ते बघा. पाइप नसलेली चिमणी हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते, त्याला काय अर्थ आहे. पाइप असेल तर त्याला कोपरे किती, तीन-चार वळणं असली की ओढ कमी होते. दुसरं म्हणजे चिमणी चालू असताना घरात दुसरीकडची एखादी खिडकी उघडी पाहिजे, हवा आत आल्याशिवाय बाहेर जाणार कशी, पण शेगडीच्या शेजारचीच खिडकी उघडली तर वाऱ्यानं धूर चिमणीपर्यंत पोचतच नाही. रोजच्या फोडणीला एवढं पुरेसं आहे. चटणीला नाही. मिरच्या कडक उन्हात वाळवून डंकावर द्या, भाजायच्याच असतील तर गच्चीवर शेगडी न्या आणि वरच्या मजल्यावरच्यांना आधी सांगा. नंतर वाटीभर चटणी पाठवली की खोकला लवकर थांबतो.

प्रश्न : ऊसाचा सीझन सुरू झाला की आमच्या गच्चीवर काजळी पडते, वाळत घातलेली पांढरी कापडं काळी होतात. शेजारी फडाचा पाला पेटवतात. घरात लहान बाळ आहे. एअर प्युरिफायर घ्यायचा तर कुठला?

उत्तर : कापडावर दिसतेय ती काजळी निदान जड असते, खाली बसते. बाळाच्या छातीत जाते ती न दिसणारी, अडीच मायक्रॉनच्या खालची धूळ, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड म्हणजे अंदाज करा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा या बारीक धुळीसाठी दर घनमीटर हवेत, चोवीस तासांच्या सरासरीनं, १५ मायक्रोग्रॅम आहे, आपली सरकारी मर्यादा ६०.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, हिशोब सांगतो. बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ४१ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली गेली पाहिजे, म्हणजे खोक्यावर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, २०० च्या पुढं लिहिलेला हवा, आणि फिल्टर खरा हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा हवा, ‘हेपा टाइप’ नको. नवीन फिल्टर कितीला पडतो ते मशीन घ्यायच्या आधी विचारा, रडायची वेळ तिथं येते. सुगंध सोडणारी, आयन सोडणारी बटणं नुसती किंमत वाढवायला असतात.

पण त्याच्याआधी एक फुकटचं काम. थंडीत सकाळी लवकर ताजी हवा म्हणून खिडक्या उघडायची सवय आपल्याला आहे, आणि नेमका त्याच वेळी धूर जमिनीलगत बसलेला असतो, कारण खालची हवा गार आणि वरची त्यापेक्षा गरम, त्यामुळं तो वर जातच नाही. ऊन तापलं की उठतो. तेव्हा सीझनमध्ये खिडक्या अकरा ते चार उघड्या, संध्याकाळी बंद. आणि बाळाच्या खोलीत केरसुणी बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं.

प्रश्न : रात्री एसी आणि कॉइल दोन्ही लावून झोपतो. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं. एसीचं सर्व्हिसिंग करू का?

उत्तर : सर्व्हिसिंग करा, पण दादा, कॉइल लावून दार बंद? २००३ मध्ये आलेल्या एका संशोधनात एक कॉइल जळली की ७५ ते १३७ सिगारेटींएवढी बारीक धूळ निघते असं दिसलं होतं. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही हे पुष्कळांना माहीतच नसतं, तो खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो, तुम्ही सोडलेला श्वास आणि कॉइलचा धूर दोन्ही. मच्छरदाणी बांधा, खिडकीला जाळी बसवा आणि दार चार बोटं उघडं ठेवून झोपा. पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर चालवला तर १८ वर न्यायची गरज पडत नाही, चिकटपणा गेला की २६ ला पण झोप लागते.

प्रश्न : बेडरूममध्ये स्नेक प्लँटच्या चार कुंड्या ठेवल्यात, हवा शुद्ध होते म्हणे. अजून किती लागतील?

उत्तर : झाडं घरातली हवा शुद्ध करतात म्हणून नासाचा १९८९ चा प्रयोग सगळे सांगतात, तो छोट्या बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये तसल्या बऱ्याच प्रयोगांचा हिशोब परत मांडला गेला, तेव्हा नुसत्या खिडकीच्या फटींतून होते तेवढी सफाई करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. बेडरूममध्ये मग पलंग कुठं ठेवणार. कुंड्या छान दिसतात, असू देत. फक्त खालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासा, डेंग्यूचे डास असल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतात, आणि मग वरच्या दादांसारखी कॉइल लावायची वेळ येते.