एरिक क्लॅप्टनचा १९६६ सालचा टोन घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय : ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ अल्बमवरचा क्लॅप्टनच्या गिटारचा आवाज हवाय, हातात लेस पॉल पद्धतीची गिटार, २० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणि एक ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी पायाशी ठेवायची डबी) आहे. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) ९ वर ठेवूनही नुसती भणभण ऐकू येते, तर नेमकी सेटिंग काय ठेवू?

आधी गेन खाली आणा. मग बाकीचं बोलू.

मीही कित्येक वर्षं तुमच्यासारखंच करत होतो. त्या रेकॉर्डवर सूर इतका लांब टिकतो की भरपूर डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेपण, असणार असंच वाटतं. पण हेडफोन लावून त्याच अल्बममधलं ‘हाइडअवे’ ऐका. धून मूळची अमेरिकन गिटारवादक फ्रेडी किंगची. क्लॅप्टन हलक्या हाताने वाजवतो तिथे प्रत्येक सूर मोकळा आहे आणि तार जोरात छेडली की तेवढ्यापुरता आवाज फाटतो. गेन ९ वर असला की हा फरकच मरतो. हळू वाजवा नाहीतर जोरात, सगळं एकसारखंच चिरडून बाहेर येतं.

त्याचा अ‍ॅम्प होता मार्शल कंपनीचा ‘मॉडेल १९६२’ कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. (१९६२ हा मॉडेलचा नंबर आहे, साल नव्हे. यात भलेभले फसतात.) आत मार्शलच्याच जेटीएम ४५ अ‍ॅम्पचं सर्किट, जे फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पवरून घेतलेलं, दोन केटी ६६ पॉवर ट्यूब (आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि बारा इंची दोन सेलेस्टियन स्पीकर. ताकद साधारण ३०-३५ वॅट. त्यावर गेन नावाचा नॉबच नव्हता आणि मास्टर व्हॉल्यूमही (आवाज फाटलेला ठेवून त्याचा मोठेपणा कमी करणारा नॉब) नव्हता, तो मार्शलवर सत्तरच्या दशकात आला. म्हणजे आवाज फाटायला हवा असेल तर एकच मार्ग : अ‍ॅम्प वाढवत न्यायचा, पॉवर ट्यूब दमेपर्यंत. ट्यूब दमल्या की आतला व्होल्टेज क्षणभर बसतो, त्यामुळे तार छेडताक्षणी सूर किंचित दबतो आणि मग फुलत वर येतो. तुम्ही ज्याच्या मागे आहात ते हे फुलणं आहे.

लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या डेक्का स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झालं. निर्माता माइक व्हर्नन, इंजिनिअर गस डजन. त्या काळी स्टुडिओत अ‍ॅम्प बेताच्या आवाजात ठेवायची पद्धत होती. एकवीस वर्षांच्या क्लॅप्टनने आवाज कमी करायला साफ नकार दिला आणि मंचावर वाजवतो तसाच वाजवणार म्हणून अडून बसला. शेवटी मायक्रोफोन लांब ठेवून ते रेकॉर्ड करावं लागलं. मला हा हट्ट फार महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर पुढची ब्रिटिश रॉक गिटार वेगळी ऐकू आली असती.

आता तुमचा अ‍ॅम्प. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जास्तीत जास्त वाढवला की तो गोड फाटत नाही, कर्कश होतो. म्हणून ते काम पेडलकडून करून घ्यायचं. अ‍ॅम्प क्लीन चॅनलवर, बेस ३, मिडल ७, ट्रेबल ६. पेडलचा ड्राइव्ह ३-४ च्या पुढे नेऊ नका, लेव्हल मात्र ७-८ ठेवा, टोन मध्यावर. रिव्हर्ब (घुमारा) बंद, कारण त्या मार्शलवर ट्रेमोलो (आवाज लहरत कमीजास्त करणारी सोय) होता, रिव्हर्ब नव्हताच. हे आकडे माझ्या कानाने लावलेले आहेत, तुमच्या खोलीत थोडे हलतील. क्लॅप्टनने स्वतः सांगितलेलं सूत्र एवढंच : अ‍ॅम्पही फुल, गिटारचा व्हॉल्यूमही फुल. बेस एवढा कमी का, तर नेक पिकअपमधून (पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपणारं चुंबक, हे गिटारच्या मानेकडचं) खर्ज इतका येतो की पेडलमध्ये गेल्यावर त्याचा चिखल होतो.

यानंतर अ‍ॅम्पला हात लावू नका. उरलेली सगळी कामं गिटारवरच्या नॉबने करा. सोलोला व्हॉल्यूम १०, मागे ऱ्हिदम धरताना ६-७. उजव्या हाताची करंगळी नॉबपर्यंत पोचायला शिकवायला मला दोन-तीन महिने लागले, पण शिकवाच.

इथे एक अडचण येईल. माझ्या गिटारवर व्हॉल्यूम ७ वर आणला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं व्हायचं, सगळा ट्रेबल गायब. मी पिकअप बदलायच्या बेतात होतो. मागचं झाकण उघडल्यावर कळलं की टोनचा कपॅसिटर (ट्रेबल कापणारा छोटा भाग) व्हॉल्यूमच्या नॉबला सिग्नल जिथे आत येतो त्या टोकाला जोडलाय. पन्नाशीच्या दशकातल्या लेस पॉलमध्ये तो सिग्नल बाहेर पडतो त्या टोकाला असायचा. एक टोक सोडवून पलीकडे डाग दिला, अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर ७ वर आवाज पातळ झाला, पण स्वच्छ राहिला. तुमच्याही गिटारवर असं होत असेल तर नवं पेडल घेण्याआधी हे करून बघा. सोल्डरिंगचा सराव नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

अजून एक गल्लत सर्रास होते. गिटारचा टोन नॉब शून्यावर नेऊन येणारा तो गोल, बासरीसारखा आवाज, ज्याला ‘वूमन टोन’ म्हणतात, तो क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या पुढच्या बँडच्या काळातला, ‘ब्लूजब्रेकर्स’चा नव्हे. तुम्हाला हव्या असलेल्या आवाजात धार आहे. टोन नॉब ८-१० वर राहू द्या आणि ब्रिज पिकअपला (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथल्या) घाबरू नका.

आणि हात. दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटचा ‘ए’ धरा, एक पूर्ण स्वर वर खेचा, मींड घेतो तशी सावकाश, सुरात पोचल्यावर थांबा आणि मगच मनगटातून हलवा. संथ, रुंद झोका हवा, थरथर नको. सूर खेचताना थोडा जरी कमी पडला तरी तो जगातल्या सर्वात महागड्या मार्शलवर बेसूरच ऐकू येईल. मी रोज दहा मिनिटं एवढंच करतो, पेडल बंद ठेवून.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवत असाल तर उचलून स्टुलावर ठेवा, त्याची मागची बाजू भिंतीपासून हातभर पुढे, आणि तुम्ही सात-आठ फूट लांब बसा. रेकॉर्डवर आपण ऐकतो तो लांबच्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज आहे. पायाशी ठेवलेल्या स्पीकरचा ट्रेबल घोट्यांना लागतो, कानाला नाही, आणि मग आपण तो उगाच वाढवत राहतो.