पाच वर्षं झाली, रिपोर्ट स्वच्छ आहेत. बायकोचा स्तनाचा कॅन्सर संपला असं समजू का?

नाही. आम्ही तसं समजलो होतो.

आईचं ऑपरेशन २००४ सालचं. गाठ दोन सेंटीमीटरच्या आत, काखेतल्या दोन ग्रंथींत कॅन्सरच्या पेशी सापडलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, म्हणजे तो हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या, झाल्या, काकांनी गल्लीत पेढे वाटले आणि फाइल माळ्यावर गेली, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे. २०१८ च्या उन्हाळ्यात तिची कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही आजार?" आई म्हणाली, "काही नाही." मी शेजारीच बसलो होतो, मलाही आठवलं नाही. मग चार महिने पट्टा, शेक, तेल. रात्री कूस बदलताना ती पदराचा बोळा तोंडात धरायची. शेवटी एमआरआय झाला. मणक्यातल्या बायोप्सीत निघाला तो जुनाच, स्तनाचा कॅन्सर.

काका आजही म्हणतात, पहिलं ऑपरेशनच अर्धवट झालं, शिवाय ती सगळं मनाला लावून घ्यायची म्हणून उलटला. दोन्हींना आधार नाही. काही पेशी ऑपरेशनच्या आधीच रक्तातून अस्थिमज्जेत जाऊन बसलेल्या असतात. त्या वाढत नाहीत, इतक्या थोड्या असतात की स्कॅनमध्ये दिसत नाहीत. केमोचा मारा मुख्यतः वाढत्या पेशींवर, म्हणून त्यातूनही वाचतात. वर्षानुवर्षं झोपून असलेल्या या पेशी नेमक्या कशानं जाग्या होतात, हे अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. मग काका कसं सांगतात?

२०१७ मध्ये सुमारे ६३ हजार हार्मोन पॉझिटिव्ह बायकांची माहिती एकत्र करून पाहिली. पाच वर्षं गोळ्या घेऊन ठणठणीत राहिलेल्या या बायका. आईसारखी स्थिती असलेल्यांत पुढच्या पंधरा वर्षांत शंभरात वीस जणींचा आजार शरीरात दुसरीकडे निघाला. गाठ तेवढीच पण काखेत काही नव्हतं त्यांच्यात तेरा जणींचा. म्हणजे बहुतेकींचा नाही, हेही तितकंच खरं. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनसकट तिन्ही चाचण्या निगेटिव्ह, असेल तर हिशेब वेगळा, तिथे धोका मुख्यतः पहिल्या पाच वर्षांत. आकडे जुन्या उपचारांचे आहेत, आज थोडे बरे असावेत.

काही त्रास नसताना दरवर्षी अख्ख्या शरीराचं स्कॅन करत बसू नका, त्यानं आयुष्य वाढत नाही. गोळ्या दहा वर्षं घ्यायच्या का, ते डॉक्टरांना विचारा. पहिल्या पॅथॉलॉजी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दुखणं दोन-तीन आठवडे हटलं नाही तर तो दाखवा, समोर हाडांचा डॉक्टर असो की दातांचा.

आणि कुणी तिला "तू टेन्शन घेतेस म्हणून" असं म्हणालं, तर तिथल्या तिथे तोडा. आई पुढे चार वर्षं होती. तेवढ्या काळात मी काकांना तिच्यादेखत एकदाही गप्प केलं नाही.