मुधोळ की लॅब्रॅडॉर: दुसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी कोण?

ताई, जतचे आपले दीर मुधोळ जातीच्या कुत्र्याचे पिल्लू द्यायला तयार आहेत, मुलांना मात्र लॅब्रॅडॉर हवा आहे, पुण्यातला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई दिवसभर घरी असतात, असे आपण लिहिले आहे. गेल्या अठरा वर्षांत आमच्या घरी आधी लॅब्रॅडॉर आणि नंतर मुधोळ नांदला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुधोळ घरात त्रास देतो, हा समज खरा नाही. आमचा कुत्रा दिवसाचा बहुतेक वेळ कोपऱ्यात अंग मुडपून झोपून असे, भुंकणे कमी, केस आखूड असल्याने गळणेही कमी, आणि पुण्याचा उन्हाळा त्याला लॅब्रॅडॉरपेक्षा पुष्कळ सोसवे. बरगड्या दिसतात म्हणून शेजारी हळहळत, पण या जातीची ठेवणच तशी आहे. अडचण दाराबाहेर सुरू होते. डोळ्यांनी भक्ष्य हेरून त्यामागे सुटण्यासाठीच या कुत्र्याला दख्खनच्या माळरानावर पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले, त्यामुळे मांजर किंवा ससा दिसला की हाकेचा उपयोग राहत नाही. त्याचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, म्हणून साधा पट्टा मागे ओढून तो सहज निसटतो. आमचा आठ महिन्यांचा असताना इमारतीच्या वाहनतळात असाच निसटला आणि दोन तासांनी कालव्यापलीकडे सापडला. त्या दोन तासांतली घरच्यांची अवस्था मी विसरलेलो नाही. अशा कुत्र्याला रोज मोकळे धावायला कुंपण घातलेली जागा लागते, आणि ती आपल्याकडे नाही. शिवाय तो परक्यांशी अंतर राखून असतो, तेव्हा मुलांच्या मित्रांनी येता-जाता अंगाशी झोंबणे त्याला मानवणारे नाही.

लॅब्रॅडॉर या बाबतीत उदार असतो, पण त्याला सोपा कुत्रा म्हणणे मला पटत नाही. पहिली दोन वर्षे तो अंगाने मोठा आणि बुद्धीने पिल्लूच राहतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीस किलोच्या वर जाते. आमचा अकरा महिन्यांचा असताना आनंदाच्या भरात दारात आईला धडकला आणि तिचे मनगट मोडले. आपल्या सासूबाईंच्या दृष्टीने हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. दुसरी गोष्ट भुकेची. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की त्यांनी तपासलेल्या लॅब्रॅडॉरपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात भुकेशी संबंधित एका जनुकाचा काही भाग गळलेला होता आणि असे कुत्रे अन्नासाठी अधिक आसुसलेले असतात. म्हणजे ताटातली उरलेली पोळी प्रत्येकाने प्रेमाने भरवायची सवय आपल्या घराला सोडावी लागेल, कारण वाढलेले वजन पुढे खुब्याच्या सांध्यांवर येते आणि दोन मजल्यांचे जिने त्यात भर घालतात. केस मात्र वर्षभर गळतील. त्याला इलाज नाही.

माझे मत विचाराल तर दिरांना नम्रपणे नकार द्यावा आणि लॅब्रॅडॉर आणावा, परंतु पिल्लू आणू नये. परगावी बदली झाल्यामुळे किंवा घर लहान पडल्यामुळे चांगला वाढवलेला तीन-चार वर्षांचा कुत्रा देऊ इच्छिणारी कुटुंबे पशुवैद्यांना ठाऊक असतात. त्यांच्याकडे चौकशी करावी. कुत्रा ठरवण्यापूर्वी खुब्यांचे एक्स-रे काढून घ्यावेत, त्याला आपल्या जिन्यावरून एकदा चढवून-उतरवून पाहावे आणि सासूबाई खुर्चीवरून उठताना तो काय करतो, हे शांतपणे बघावे. अशा भेटी दोन-तीन वेळा, धाकट्या मुलाला सोबत ठेवून कराव्यात, कारण चार वर्षांचे मूल कुत्र्याच्या खाण्याच्या भांड्याजवळ गेले तर तो कसा वागतो, हे पहिल्या भेटीत कळत नाही.