काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, विरोध असताना अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी एवढी जंगलं कशी राखली?

कायदा बारकाईने वाचून. १९०७ साली काँग्रेसने शेतीखात्याच्या खर्चाच्या विधेयकातच एक कलम घुसवलं: पश्चिमेकडच्या सहा राज्यांत अध्यक्षांनी नवी राखीव वनं जाहीर करायची नाहीत. विधेयक नाकारावं, तर वनखात्याचाच पैसा अडकणार. म्हणून सहीची मुदत संपण्याआधी वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंचो यांच्या माणसांनी घाईघाईने नकाशे तयार केले. रूझवेल्ट यांनी आधी १ कोटी ६० लाख एकर राखीव केले, मग सही. केवढी ही तत्परता!

ग्रँड कॅनियन या अमेरिकेतल्या प्रचंड दरीची वाट वेगळी. १९०६ च्या प्राचीन वारसा कायद्यात ‘वैज्ञानिक महत्त्वाच्या’ गोष्टींचाही उल्लेख होता. तेवढ्या शब्दांवर १९०८ मध्ये तिथले ८ लाखांहून जास्त एकर ‘राष्ट्रीय स्मारक’, म्हणजे संरक्षित क्षेत्र, झाले. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. मात्र तिथल्या हवासुपाई या मूळ रहिवासी लोकांची पिढीजात जमीनही त्यात गेली.