घरी प्रार्थनासभा घेताना शेजाऱ्याचाही विचार करा

शरणपूर रोडची सोसायटी असो की नाशिकरोडची चाळ, भिंती पातळच असतात. तुमची भक्ती पलीकडच्या घरात आधी आवाज म्हणून पोहोचते. म्हणून माइक नकोच. दहा-बारा जणांना पेटी आणि झांज पुरे, ढोलकी हलक्या हातानं. लाऊडस्पीकरला रात्री 10 ते सकाळी 6 कायद्यानंच मनाई आहे, पण मुलांच्या परीक्षा असतील तर साडेआठलाच आटपा. चपला जिन्यात पसरू देऊ नका. बरीच कुरबुर तिथूनच सुरू होते.

नवखा माणूस आला तर त्याला गीताचं पान काढून द्या. सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागले की तो बावरतो. बायबलमधल्या 1 करिंथ 14:19 मध्ये प्रेषित पौल हेच सांगतो: मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बरे. आजाऱ्याचं नाव घेण्याआधी त्याची परवानगी घ्या. घरची दुखणी चव्हाट्यावर आली की माणूस पुन्हा फिरकत नाही.

आणि सर्वांत अवघड गोष्ट. कोणाशी अबोला असेल, तर बायबलमधल्या मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी त्याच्याकडे जा, मग गीत सुरू करा. घरातली बाई स्वयंपाकघरात एकटीच चहा करत असेल, तर तिलाही बाहेर बोलवा. चहा नंतर होईल.